सील लागलं, पण राखण कोणाची?

पत्र थोडक्यात : लेखक सोलापूरचे, पेशानं सीए, वय पस्तिशीच्या आसपास. दिवाळखोरी व्यावसायिक म्हणून नोंदणी केल्यानंतर लिक्विडेटर (मोडीत निघालेल्या कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा) म्हणून मिळालेलं हे त्यांचं पहिलंच काम. कंपनी अक्कलकोट रोड एमआयडीसीतली, टॉवेल बनवणारी. कर्ज थकलं, तोडगा निघाला नाही, आणि एनसीएलटीनं (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणानं) कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. ताबा घ्यायला गेल्यावर कळलं की जमीन, इमारत आणि एक बँक खातं ईडीनं जप्त केलं आहे. तयार टॉवेलच्या गोदामाला एका सूत व्यापाऱ्याच्या दाव्यात दिवाणी कोर्टाचं सील आहे. मोकळं म्हणावं असं उरलं ते जुने माग आणि काही सूत. त्यातलंही थोडं सूत दुसऱ्या कारखानदारांनी जॉब वर्कसाठी, म्हणजे मजुरीवर विणून घ्यायला, दिलेलं. गेटवर कामगार म्हणतात, ‘साहेब, तुम्ही आपल्यातले. गड्ड्याच्या यात्रेआधी माग आणि सूत विकून आमचा पगार द्या.’ बँकेचे अधिकारी म्हणतात, ‘जप्ती उठेपर्यंत तुम्हाला काही काम नाही, वॉचमनचा खर्च कशाला?’ पत्राच्या शेवटी एक ओळ आहे : ‘माझ्या मामांचंही सुताचं थोडं येणं आहे, पण तो विषय वेगळा.’ प्रश्न असा की गप्प बसावं, जे हातात आहे ते विकून कामगारांना द्यावं, की काम सोडून द्यावं?

उत्तर :

तुमच्या पत्रात ‘माझे हात बांधले गेलेत’ हे वाक्य चार ठिकाणी आलं आहे. मी मुद्दाम मोजलं, कारण तुमची सगळी घालमेल त्या एका समजुतीवर उभी आहे आणि ती समजूत मला पटत नाही.

जप्तीनं तुमच्याकडून नेमकं काय काढून घेतलं ते आधी पाहू. ती मालमत्ता विकायची नाही, गहाण टाकायची नाही, दुसऱ्याच्या नावावर करायची नाही, तिथून हलवायची नाही. एवढंच. दिवाळखोरी संहितेच्या, म्हणजे आयबीसीच्या, कलम ३५ मध्ये लिक्विडेटरची कामं सांगितली आहेत, त्यांत विक्री हे अनेकांपैकी एक आहे. मालमत्ता ताब्यात घेणं, तिचं मूल्यांकन करून घेणं, तिची जपणूक करणं, दावे तपासणं, कंपनीच्या वतीनं कोर्टात उभं राहणं, यातलं काहीही सीलमुळे थांबत नाही. कलम ३६ तर मालकीचा वाद कोर्टात पडून असलेली मालमत्तासुद्धा लिक्विडेशनच्या मालमत्तेत धरायला सांगतं, आणि ती सगळ्या घेणेकऱ्यांसाठी विश्वस्त म्हणून तुम्ही सांभाळायची असते. किल्ली दुसऱ्याच्या खिशात असेल, राखण तुमच्याकडेच आहे.

मी वकिलीत नवा असताना एका बंद सूतगिरणीचं काम आमच्या ऑफिसात होतं. नाव लिहीत नाही. शेडला कोर्टाचं सील होतं. मोडीत काढायला नेमलेला माणूस म्हणायचा, ताबा कोर्टाचा आहे. बेलिफ म्हणायचा, आम्ही फक्त कुलूप लावलं. बँक म्हणायची, तारण आमचं, पण ताबा आमच्याकडे नाही. असे चार पावसाळे गेले. पहिल्याच वादळात पत्रे उडाले, मग तांब्याची वायर गेली, मग मोटारी. सील शेवटपर्यंत शाबूत होतं, चोर मागच्या भिंतीतून आत शिरत होते. लिलावात साच्यांना, म्हणजे गिरणीच्या यंत्रांना, भंगाराचा भाव आला. कामगारांच्या वाट्याचं जे काही निघालं ते घ्यायला कित्येकांच्या विधवा रांगेत उभ्या होत्या. माझे वडील गिरणी कामगार. त्या रांगेतल्या दोघीतिघींनी मला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेलं होतं. म्हणून ‘वॉचमनचा खर्च कशाला’ हे वाक्य वाचल्यावर बाकीची पत्रं बाजूला ठेवून तुमचं उत्तर आधी लिहायला घेतलं.

खर्चाचंच आधी बोलू. लिक्विडेशनचा खर्च कलम ५३ च्या क्रमवारीत सगळ्यांच्या आधी, पूर्ण फेडला जातो. मालमत्ता राखण्याचा खर्च त्यातच येतो. कंपनीच्या खात्यात रोकड नसेल तर वित्तीय संस्था असलेल्या घेणेकऱ्यांकडून खर्चासाठी रक्कम मागण्याची सोय नियमांत आहे. तेव्हा बँकेच्या अधिकाऱ्यांना लेखी मागणी करा आणि उत्तरही लेखी मागा. फोनवर ‘कशाला खर्च’ म्हणणारा माणूस सहीनिशी तसं लिहून देताना थांबतो, हा माझा अनुभव आहे.

आणि हा खर्च नुसता चोरांपायी नाही. मे २०२५ मध्ये याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ माणसं गेली. तुमच्या बंद शेडमध्ये रुईचा थर साचलेला असणार, वायरिंग जुनं असणार, गोदामात टॉवेलच्या गठड्या असणार. या आठवड्यात करायची कामं ही : विमा चालू आहे का ते पाहा, नसेल तर उतरवा. वीज कुठून तोडायची आणि राखणीपुरती कुठे ठेवायची ते इलेक्ट्रिशियनकडून ठरवून घ्या. दोन पंचांसमोर प्रत्येक मागाचा नंबर, बीमवरचं सूत, मोटारी, भिंती, पत्रे यांचा फोटोंसह पंचनामा करा. सीलबंद गोदामाचं बाहेरून चित्रण करा आणि आत शिरण्यासाठी कोर्टाकडे रीतसर परवानगी मागा. ईडीलाही पत्र लिहा. मनी लाँडरिंग कायद्याच्या कलम ५ मध्येच म्हटलं आहे की तात्पुरत्या जप्तीमुळे स्थावर मालमत्तेच्या वापराला बाधा येत नाही. ईडीनं पुढे प्रत्यक्ष ताबा घेतला असेल तर मात्र गोष्ट वेगळी, मग राखण कोण आणि कशी करणार हे त्यांच्याकडून लिहून घ्यायचं.

आता या जप्त्यांकडे वळू. तुम्ही दोन्हींना एकाच मापानं मोजलं आहे, तिथे घोळ होतोय.

गोदामाचं सील दिवाणी दाव्यातलं, निकालाआधीचं. सूत व्यापाऱ्यानं घाईनं कोर्ट गाठलं आणि माल अडकवून ठेवला. त्यामुळे तो रांगेत पुढे गेला असं त्याला वाटत असेल, कदाचित तुम्हालाही. तसं होत नाही. निकालाआधीच्या जप्तीनं मालावर बोजा चढत नाही, माल हलू नये एवढीच तिची ताकद. कंपनी मोडीत निघाल्यावर तो व्यापारी इतर व्यापाऱ्यांसारखाच दावेदार आहे. तेव्हा त्या कोर्टात स्वतः हजर व्हा, लिक्विडेशनचा आदेश दाखल करा आणि जप्ती उठवण्याचा अर्ज द्या. तो अर्ज रेंगाळणार असेल तर सोबत दुसरी विनंती करा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम ६ प्रमाणे निकालाआधी जप्त केलेला जंगम माल, तो लवकर खराब होणारा असो वा आत्ताच विकायला दुसरं सबळ कारण असो, कोर्ट विकायला लावू शकतं. टॉवेल आंब्यासारखे चार दिवसांत नासत नाहीत हे खरं. पण ओल आणि उंदीर लागलेल्या गठड्यांना वर्षभरानं कोण विचारणार? माल विकावा, रक्कम मुदत ठेवीत राहावी, आणि वाद त्या ठेवीवर चालू द्यावा. यात व्यापाऱ्याचंही नुकसान नाही. त्याच्या वकिलाशी आधी बोलून संमती मिळाली तर महिने वाचतील.

ईडीची जप्ती याहून जड आहे, तिथे सगळ्यात आधी तारखा पाहा. तात्पुरता आदेश जास्तीत जास्त १८० दिवस टिकतो. तेवढ्यात मनी लाँडरिंग कायद्याखालच्या निर्णय प्राधिकरणानं तो कायम करावा लागतो. ही नोटीस बहुतेक वेळा कंपनीच्या जुन्या पत्त्यावर किंवा जुन्या संचालकांकडे जाते. ज्या संचालकांवर आरोप आहेत त्यांना कंपनीची मालमत्ता वाचवण्यात रस उरलेला नसतो, आणि सुनावणी एकतर्फी होऊन जाते. म्हणून तुमची नेमणूक त्या प्राधिकरणाला कळवा, कंपनीच्या वतीनं तुम्हाला ऐकलं जावं असा अर्ज द्या. आदेश कायम झालेला असेल तर तो मिळाल्यापासून ४५ दिवसांत अपील करायचं असतं. ही मुदत चुकली तर बँकेला आणि कामगारांना काय सांगाल?

‘एनसीएलटीकडून ईडीची जप्ती उठवून घेतो’ असं तुम्ही लिहिलं आहे. तो रस्ता वाटतो तितका सरळ नाही. आयबीसी इतर कायद्यांच्या वर आहे असं कलम २३८ म्हणतं, तरीही ईडीची जप्ती एनसीएलटीला उठवता येते का, यावर न्यायालयांचं एकमत झालेलं नाही. तुमच्या उपयोगाचं कलम ३२अ आहे. दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू होण्याआधीच्या गुन्ह्यासाठी कंपनीच्या मालमत्तेवर जी कारवाई होते, ती लिक्विडेशनमधली विक्री जुन्या मालकांशी संबंध नसलेल्या माणसाला झाली की पुढे चालत नाही, असं ते सांगतं. कारवाई म्हणजे जप्तीसुद्धा, हेही तिथेच स्पष्ट केलं आहे. हे कलम सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये मनीष कुमार प्रकरणात कायम ठेवलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पीएसएल लिमिटेडच्या लिक्विडेटरच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालय आणखी पुढे गेलं : एनसीएलटीनं विक्रीचा मार्ग मंजूर केला की त्या टप्प्यापासून ईडीचा जप्तीचा अधिकार थांबतो. तुमच्या बाबतीत जप्ती आधीच झालेली आहे, त्यामुळे हा निकाल जसाच्या तसा लागू होईल असं धरून चालू नका. पण विक्रीचा प्रस्ताव घेऊन एनसीएलटीच्या मुंबई खंडपीठाकडे जा, ईडीला त्यात पक्षकार करा आणि निर्देश मागा. लिलावाच्या जाहिरातीत जप्तीची माहिती ठळक द्या. ती लपवून चार पैसे जास्त मिळतील, पण ती विक्री टिकणार नाही.

ईडीची तक्रार तुम्ही ‘चाळली’ असं लिहिलंय. ती नीट वाचा, पेन्सिल हातात घेऊन. कंपनीचा पैसा कुठल्या खात्यातून कुठे गेला याची माहिती तुम्हाला इतर कुठे एका जागी मिळणार नाही. मालकाच्या नातेवाइकांना किंवा त्यांच्या दुसऱ्या फर्मला शेवटच्या दोन वर्षांत झुकतं माप देऊन केलेले व्यवहार उलटवण्यासाठी आयबीसीचं कलम ४३ आहे, फसवणुकीच्या हेतूनं चालवलेल्या धंद्यासाठी कलम ६६. हे अर्ज करणं तुमचंच काम आहे, आणि त्यातून परत येणारा पैसा या जप्तीबाहेरचा असू शकतो. तपासाला मदत करणंही कायद्यानं बंधनकारक आहे, तेव्हा ईडीकडे शत्रू म्हणून पाहू नका. कागद मागितले तर द्या, पोच घ्या.

इतर वाचकांसाठी इथे थोडं थांबतो. तुमच्या प्रकरणात जप्ती जीएसटी किंवा कस्टमची असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट २०२२ चा एबीजी शिपयार्डच्या लिक्विडेटरचा निकाल पाहा : खात्यानं कर किती ते ठरवावं, वसुलीसाठी मात्र रांगेत यावं, स्वतःच माल विकू नये. उलट ठेवीदारांच्या पैशांचं प्रकरण असेल आणि ठेवीदारांच्या संरक्षणासाठीच्या १९९९ च्या एमपीआयडी या महाराष्ट्राच्या कायद्याखाली जप्ती असेल, तर नॅशनल स्पॉट एक्स्चेंजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये ठेवीदारांच्या बाजूनं कौल दिला आहे. आयबीसी सतत बदलत असतो. कुठलाही अर्ज करण्याआधी कायद्याची आणि नियमांची ताजी प्रत उघडा.

आता गेटवरचे कामगार. ही जागा मला सगळ्यात अवघड वाटते, तुम्हालाही वाटते हे पत्रातून जाणवतं. ‘तुम्ही आपल्यातले’ हे ऐकल्यावर सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या वस्तीत, वाढलेल्या कुणाचंही मन हलेल. पण गेटवर येऊन बोलणारे कोण आहेत? ज्यांची नावं हजेरीपटावर आहेत, ज्यांचा मुकादम आहे, संघटना आहे. टॉवेलला शिलाई मारणाऱ्या, गाठी-धागे काढणाऱ्या बायका विडी घरकुलातून रिक्षानं येत असतील. त्यांची नावं कुठल्या कागदावर आहेत? गेल्या वर्षी काम सोडून भिवंडीला गेलेला जॉबर (मागांवर देखरेख करणारा) कुठे आहे? माग विकून तुम्ही आज समोर उभे असलेल्यांना पैसे वाटलेत तर ते पैसे यांच्या वाट्याचेही असतील. शिवाय क्रम सोडून पैसे देणं कायद्यात बसत नाही, त्याचा भुर्दंड तुमच्यावर येईल. आणि ते माग खरंच मोकळे आहेत का? बँकेच्या तारणात यंत्रसामग्री असतेच. ते कागद पाहिल्याशिवाय एकही माग हलवू नका.

कामगारांची बाजू कायद्यात तुम्ही समजता तितकी कमजोर नाही. लिक्विडेशनच्या आधीच्या २४ महिन्यांचं कामगारांचं येणं हे, तारण सोडून रांगेत आलेल्या बँकेच्या बरोबरीनं मोजलं जातं. पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी फंडातली रक्कम तर मुळात वाटणीत येतच नाही, ती त्यांचीच. पीएफचा निधी वेगळा काढता येतो का, आणि कंपनीनं पगारातून कापून तो भरला होता का, हे आधी तपासा. ईडीनं जप्त केलेल्या खात्यात अडकलेल्या रकमेत कापलेला पण न भरलेला पीएफ असेल तर तो मुद्दा ईडीपुढे स्वतंत्रपणे मांडा. तो पैसा गुन्ह्यातून आलेला नाही, लोकांच्या मजुरीतून आलेला आहे.

तुम्ही आत्ता देऊ शकता ते म्हणजे दावे भरायला मदत. ‘जप्ती उठली की पाहू’ म्हणून अर्धे कामगार दावाच भरत नाहीत, आणि मुदत निघून जाते. दाव्यासाठी जप्ती उठण्याची वाट पाहायची नसते. कामगारांसाठी वेगळा फॉर्म आहे, सगळ्यांच्या वतीनं एक प्रतिनिधीही भरू शकतो. पगाराची चिठ्ठी नसेल तर बँक पासबुक, ईएसआयचं कार्ड, पीएफचा नंबर, हजेरीचं कार्ड चालेल. शिलाईच्या बायकांकडे यातलं काही नसेल तर तुमच्याच ताब्यातली ठेकेदाराची बिलं आणि गेटचं रजिस्टर उघडा. पुरावा कंपनीच्या कपाटात असेल तर तो शोधणं तुमचं काम आहे. गेटवर मराठी आणि तेलुगू दोन्हीत एक फलक लावा : कुठल्या मालमत्तेवर कुणाची जप्ती आहे, कुठल्या कोर्टात पुढची तारीख कोणती, दावा भरायची शेवटची तारीख कोणती. यात्रेआधी पैसे मिळणार नाहीत हेही त्यांना तोंडावर सांगा. राग येईल. तरी खोट्या आशेवर दुकानातून उधार आणणाऱ्या घरांपेक्षा ते बरं.

जॉब वर्कचं सूत तुमचं नाहीच. ते दुसऱ्याची ठेव आहे, कलम ३६ नं ते वाटणीतून बाहेर ठेवलं आहे. ज्यांचं आहे त्यांनी चलन, जॉब वर्कची नोंद, लॉट नंबर दाखवले की खात्री करून परत द्या. कंपनीच्या सुतात ते मिसळलं असेल तर आधी मोजणी, मग वाद. कारखानदार वाचकांनी मात्र यातून एक घ्यावं : दुसऱ्याच्या शेडमध्ये सूत पाठवताना चलनाशिवाय एक कोनही पाठवू नका, ओळखीच्या माणसाकडेसुद्धा.

काम सोडण्याबद्दल. सोडावंसं वाटणं समजतं, आणि एनसीएलटीला तशी विनंती करता येते. पण पंचनामा नाही, विमा नाही, ईडीकडे हजेरी नाही, अशा अवस्थेत सोडलंत तर पुढचा माणूस येईपर्यंतचे महिने त्या चार पावसाळ्यांसारखे जातील. आधी हे सगळं जागेवर आणा. त्यानंतरही जमत नसेल तर जा, दोष कुणी देणार नाही.

आणि मामा. तो विषय वेगळा नाही, तो तुमच्या टेबलावरचा पहिला कागद आहे. वाटणीत हक्क असलेल्या कुणाशीही तुमचं नातं किंवा पैशाचा संबंध असेल तर तो कळताक्षणी आयबीबीआय (दिवाळखोरी व्यावसायिकांचं नियामक मंडळ) आणि एनसीएलटी दोघांना कळवावा लागतो, लिक्विडेशनच्या नियम ३ मध्ये तसं स्पष्ट आहे. तुम्ही एक पैसाही मामांकडे वळवला नाहीत तरी उद्या गेटवर ही गोष्ट दुसऱ्या कुणाकडून कळली, तर तुमचा पंचनामा, तुमचा फलक, तुमचे अर्ज, कशावरच कोणी विश्वास ठेवणार नाही. ते पत्र आजच लिहा. मामांच्या दाव्याच्या तपासणीबद्दल एनसीएलटीकडूनच निर्देश मागा. मात्र ते पत्र टपालात टाकण्याआधी त्यांच्या घरी जा, चहा घ्या आणि स्वतःच्या तोंडानं सांगा, त्यांना दुसरीकडून कळता कामा नये.